राजघराण्यांतील हिमोफिलिया: वंशावळ कशी मांडावी आणि कशी वाचावी

आनुवंशिक आजाराची वंशावळ मांडायला शिकायचे असेल, तर इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाइतके चांगले उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे. त्याचे कारण त्या घराण्याचे मोठेपण नव्हे, तर तिथल्या नोंदींची पद्धत होय. आपल्याकडचे जुने कुलवृत्तांत उघडून पाहिले, तर पणजोबांपासून नातवापर्यंत पुरुषांची ओळ सलग मिळते. मुलींच्या नावापुढे मात्र सासरचे आडनाव आणि गाव लिहून ओळ संपते, आणि त्यांच्या मुलाबाळांचा माग काढायचा तर दुसऱ्या कुळाचा ग्रंथ धुंडाळावा लागतो. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार, नेमका या संपलेल्या ओळींमधून पुढे जातो. युरोपातील राजघराण्यांत मुलीचे लग्न हा दोन राज्यांमधला करार असे, त्यामुळे कोणती मुलगी कोठे दिली, तिला किती मुले झाली, त्यांतले कोण कोणत्या वर्षी आणि कशाने गेले, हे सारे तारखांसह लिहून ठेवलेले आहे. एका कोऱ्या कागदावर ही वंशावळ स्वतः मांडून पाहिली, की हीच रीत कोणत्याही घरासाठी वापरता येते. पुढचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत.

आधी नियम

रक्त गोठण्यासाठी जी प्रथिने लागतात, त्यांना फॅक्टर म्हणतात. फॅक्टर ८ कमी असेल तर हिमोफिलिया ए, फॅक्टर ९ कमी असेल तर हिमोफिलिया बी. ए प्रकार साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला आढळतो. बी त्याहून बराच विरळ, म्हणजे सुमारे २५,००० ते ३०,००० मुलग्यांमागे एक. रक्तातील फॅक्टर नेहमीच्या प्रमाणाच्या एक टक्क्याहूनही कमी असेल तर आजार तीव्र, एक ते पाच टक्के असेल तर मध्यम, आणि त्याहून अधिक असेल तर सौम्य मानतात. अशा रुग्णाला कापले की रक्ताची धार लागते, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात रक्त इतरांपेक्षा वेगाने वाहत नाही, ते अधिक काळ वाहत राहते. आणि त्वचेवरच्या जखमेपेक्षा गुडघा, घोटा, कोपर यांच्या आत किंवा स्नायूंमध्ये होणारा रक्तस्राव कितीतरी जास्त हाल करतो. डोक्यातला रक्तस्राव तर जिवावर बेततो.

या दोन्ही फॅक्टरांची जनुके एक्स गुणसूत्रावर आहेत. पुरुषाकडे एकच एक्स असते आणि ते त्याला आईकडूनच मिळते. वडिलांकडून मिळते ते वाय. स्त्रीकडे दोन एक्स असतात, एक आईचे आणि एक वडिलांचे, त्यामुळे त्यांतले एक सदोष असले तरी दुसरे बहुधा भार सांभाळते. अशा स्त्रीला वाहक म्हणतात. वंशावळ वाचायला लागणारे सगळे नियम यातूनच निघतात. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता अर्धी असते आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही अर्धी असते. रुग्ण पुरुषाचा मुलगा वडिलांचे वाय घेऊन जन्मतो, म्हणून आईकडून दोष आला नसेल तर तो पूर्णपणे निरोगी असतो. त्याच पुरुषाची प्रत्येक मुलगी मात्र वाहक असतेच, कारण वडिलांकडे द्यायला दुसरे एक्स नसते. आणि निरोगी पुरुष हा दोष पुढे देत नाही. थोडक्यात, मुलाचा हिमोफिलिया शोधायचा तो त्याच्या आजोळी.

कागदावर मांडणी

पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. नवराबायकोला आडव्या रेषेने जोडा, त्या रेषेच्या मध्यातून खाली उभी रेषा काढा आणि मुले जन्मक्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा. रुग्णाचा चौकोन पूर्ण रंगवा, वाहक स्त्रीच्या वर्तुळात ठिपका द्या, मृत व्यक्तीवर तिरपी रेघ ओढा. प्रत्येकाखाली जन्मवर्ष, मृत्युवर्ष आणि मृत्यूचे कारण लिहा. कारण लिहायचा कंटाळा करू नका. पुढे आकडेमोड करताना तीच नोंद सर्वांत जास्त उपयोगी पडते.

सुरुवात राणीपासून करायची नाही. वंशावळीची सुरुवात नेहमी रुग्णापासून करतात आणि तिथून वर, खाली व बाजूला सरकतात. इथे तो रुग्ण म्हणजे राणीचे आठवे अपत्य लिओपोल्ड. त्याचा जन्म १८५३ चा. लहानपणापासून खरचटले तरी दिवसेंदिवस अंथरुणात पडून राहावे लागणारा हा मुलगा १८८४ मध्ये फ्रान्समधील कान येथे पडला आणि त्यातच, वयाच्या तिसाव्या वर्षी गेला. त्याचा चौकोन रंगवा. आता त्याच्या आईवडिलांची, म्हणजे व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांची जोडी वर काढा आणि नऊ भावंडे ओळीने मांडा: व्हिक्टोरिया (१८४०), एडवर्ड (१८४१), ॲलिस (१८४३), आल्फ्रेड (१८४४), हेलेना (१८४६), लुईज (१८४८), आर्थर (१८५०), लिओपोल्ड (१८५३) आणि बिआट्रिस (१८५७). चार मुलगे, पाच मुली.

इथे थांबून एक प्रश्न विचारा: फक्त लिओपोल्डकडे पाहून राणी वाहक होती असे म्हणता येईल का? येणार नाही. सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात या आजाराचा मागमूसही नसतो. जनुकात नव्याने बदल झालेला असतो, आणि तो बदल खुद्द त्या मुलाच्या वाट्याला पहिल्यांदाच आलेला असू शकतो. पण १८७० मध्ये ॲलिसला फ्रीडरिश हा मुलगा झाला. १८७३ च्या सुरुवातीला त्याच्या कानाला झालेल्या छोट्याशा जखमेतून दिवसच्या दिवस रक्त येत राहिले आणि मामाचाच आजार भाच्याला असल्याचे कळून चुकले. त्याच वर्षी मे महिन्यात, अडीच वर्षांचा असताना, तो डार्मश्टाट येथे खिडकीतून खाली पडला. हाड मोडले नव्हते, पण मेंदूतील रक्तस्रावाने संध्याकाळपर्यंत त्याचा मृत्यू झाला. मामा आणि भाचा हे दोन रंगवलेले चौकोन ज्या दोन स्त्रियांमुळे जोडले जातात, त्या दोघीही वाहक असल्याच पाहिजेत. म्हणून ॲलिसच्या वर्तुळात ठिपका द्या आणि आता राणीच्याही.

अशा स्त्रीला निश्चित वाहक म्हणतात, आणि ती ओळखण्याच्या खुणा तीन आहेत. जिचे वडील रुग्ण आहेत ती निश्चित वाहक. जिचा मुलगा रुग्ण आहे आणि शिवाय भाऊ, मामा किंवा मावसभाऊ असा आईकडचा एखादा नातलगही रुग्ण आहे, ती निश्चित वाहक. जिचे दोन मुलगे रुग्ण आहेत तीही व्यवहारात वाहकच धरावी.

या खुणा घेऊन खाली उतरा. ॲलिसच्या मुलींपैकी इरेन प्रशियाच्या हाइन्रिशला दिली होती. तिचे दोन मुलगे, वाल्डेमार (१८८९) आणि हाइन्रिश (१९००), रुग्ण होते, मधला सिगिसमुंड निरोगी होता. धाकटा हाइन्रिश चौथ्या वर्षी पडून गेला. वाल्डेमार मात्र ५६ वर्षे जगला आणि मे १९४५ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत बव्हेरियात आसरा घेतला असताना, वेळेवर रक्त न मिळाल्याने गेला. ॲलिसची दुसरी मुलगी ॲलिक्स रशियाचा झार दुसरा निकोलस याची पत्नी अलेक्सांद्रा झाली. तिचा एकुलता मुलगा अलेक्सेई, जन्म १९०४. बिआट्रिसच्या मुलांत लिओपोल्ड (१८८९) रुग्ण होता, तो १९२२ मध्ये शस्त्रक्रियेच्या प्रसंगी गेला. तिची मुलगी व्हिक्टोरिया युजेनी १९०६ मध्ये स्पेनच्या तेराव्या अल्फोन्सोची राणी झाली. तिचा थोरला अल्फोन्सो (१९०७) आणि धाकटा गोन्सालो (१९१४) रुग्ण, तर हाइमे आणि हुआन हे मधले दोघे या आजारातून सुटलेले. अल्फोन्सो आणि गोन्सालो दोघेही मोटार अपघातांनंतरच्या रक्तस्रावाने गेले, गोन्सालो १९३४ मध्ये ऑस्ट्रियात आणि अल्फोन्सो १९३८ मध्ये मायामीत.

लिओपोल्डची स्वतःची शाखा नियमांची परीक्षा घेण्यासाठी उत्तम आहे, कारण या संपूर्ण वंशावळीत मुले झालेला प्रौढ रुग्ण तो एकटाच. मुलगी ॲलिस (१८८३) नियमाप्रमाणे निश्चित वाहक ठरते, आणि तिचा मुलगा रूपर्ट हिमोफिलियाचा रुग्ण निघालाही. १९२८ मध्ये मोटार अपघातानंतर तो गेला. वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा चार्ल्स एडवर्ड निरोगी होता. आजोबा रुग्ण, मुलगी वाहक, नातू रुग्ण: मधल्या पिढीत आजार दिसत नाही, म्हणून तो संपला असे वाटते, आणि मुलीच्या पोटी तो पुन्हा उभा राहतो.

सगळे नीट मांडले असेल तर तुमच्या कागदावर आता नऊ रंगवलेले चौकोन आणि सात ठिपके दिसायला हवेत. बिआट्रिसचा धाकटा मुलगा मॉरिस याचेही नाव काही याद्यांत रुग्ण म्हणून येते. तो १९१४ मध्ये ईप्रच्या लढाईत मारला गेला. सैन्यात प्रत्यक्ष आघाडीवर लढणाऱ्या माणसाचा चौकोन भक्कम पुराव्याशिवाय रंगवू नये, असे माझे मत आहे. वंशावळीतील एक चुकीचा रंग खालच्या साऱ्या शाखांची आकडेमोड बिघडवतो.

ब्रिटिश गादी कशी सुटली

राणीनंतर गादीवर आलेला सातवा एडवर्ड निरोगी होता. म्हणजे त्याला आईकडून निर्दोष एक्स मिळाले होते. त्याने आपला मुलगा पाचवा जॉर्ज याला तेही दिले नाही, वाय दिले. जॉर्जला एक्स मिळाले ते आई अलेक्सांद्रा हिच्याकडून, आणि ती डेन्मार्कची राजकन्या. त्यामुळे राणी व्हिक्टोरियाकडून आलेले एक्स गादीच्या वंशात एडवर्डपाशीच संपते. पुढच्या राजांमध्ये हा आजार का आला नाही, याचे उत्तर दोन चौकोनांत मिळते आणि त्यासाठी नशिबाचा किंवा वैद्यांचा आधार घ्यावा लागत नाही.

ज्यांच्याबद्दल खात्री नाही, त्यांचे काय

वंशावळीचा खरा कस इथे लागतो. रुग्ण आणि निश्चित वाहक खुणांवरून ओळखता येतात. पण घरात बसलेली पंचविशीची मुलगी जेव्हा विचारते, माझे काय, तेव्हा तिच्यासाठी आकडा काढावा लागतो. राणीच्या मुलींवरून ती रीत शिकता येते.

थोरली मुलगी व्हिक्टोरिया, पुढे जर्मनीची सम्राज्ञी झाली ती. वाहक आईची मुलगी म्हणून तिची शक्यता जन्मतः अर्धी. तिला चार मुलगे झाले. त्यांतला सिगिसमुंड दोन वर्षांचा होण्याआधीच मेंदूज्वराने गेला. एवढ्या लहान वयात गेलेल्याला निरोगी म्हणून मोजणे धाडसाचे, म्हणून त्याला सोडून द्या. उरले विल्हेल्म, हाइन्रिश आणि अकरा वर्षांचा होऊन घटसर्पाने गेलेला वाल्डेमार. या तिघांत हिमोफिलिया नव्हता. आता असा विचार करा: ती वाहक असती, तर तिन्ही मुलगे निरोगी निघण्याची शक्यता अर्ध्याची अर्धी आणि तिचीही अर्धी, म्हणजे एक अष्टमांश. ती वाहक नसती, तर तिघेही निरोगी असणे ठरलेलेच. म्हणून वाहक असण्याची बाजू अर्धा गुणिले एक अष्टमांश, म्हणजे सोळातला एक भाग. आणि नसण्याची बाजू अर्धा, म्हणजे सोळातले आठ भाग. एकूण नऊ भागांपैकी एक भाग वाहकाचा. तिची शक्यता ५० टक्क्यांवरून सुमारे ११ टक्क्यांवर आली.

अर्ध्यापासून सुरुवात असेल, तर एका निरोगी मुलग्यानंतर ही शक्यता एकतृतीयांश, दोघांनंतर एकपंचमांश, तिघांनंतर एकनवमांश आणि चौघांनंतर सतरात एक, अशी उतरत जाते. ती कधीच शून्य होत नाही. हेलेनाचे दोन मुलगे निरोगी मोठे झाले, म्हणून ती एकपंचमांशावर. तिसरा आठ दिवसांतच गेला, तो मोजायचा नाही. लुईजला मूलबाळ नव्हते, म्हणून तिची शक्यता जिथे होती तिथेच, अर्ध्यावर राहिली. निरोगी असल्यामुळे किंवा दीर्घायुषी असल्यामुळे ती कमी होत नाही. ९१ वर्षे जगलेली लुईज या हिशेबात जन्माच्या दिवशी होती तशीच राहते.

एक पिढी खाली हाच हिशेब ॲलिसची थोरली मुलगी व्हिक्टोरिया हिच्यासाठी करा. तिचे दोन्ही मुलगे निरोगी. त्यांतला धाकटा म्हणजे भारताचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन. म्हणून ती एकपंचमांशावर, आणि तिची मुलगी ॲलिस तिच्या निम्मी, म्हणजे एकदशांशावर. या ॲलिसचा एकुलता मुलगा फिलिप, दुसऱ्या एलिझाबेथचा पती, निरोगी. त्याचा हिशेब धरला की ॲलिसची शक्यता एकोणिसात एक इतकी उरते. रेषा खाली जाते तसा धोका असा विरळ होत जातो, पण मधेच एखादा रुग्ण मुलगा जन्मला तर हे सगळे आकडे पुसून शंभर टक्के लिहावे लागतात, आणि मग तिच्या आईचा व बहिणींचा हिशेबही पुन्हा करावा लागतो.

हा हिशेब करताना दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक म्हणजे, आधीचा मुलगा रुग्ण आहे म्हणून पुढचा निरोगी असेल, असे मानणे. निश्चित वाहक आईच्या प्रत्येक गर्भाचा हिशेब नव्याने सुरू होतो. इरेनला एक रुग्ण, एक निरोगी आणि पुन्हा एक रुग्ण अशी मुले झाली. दुसरी चूक लग्न ठरवताना होते. १८९४ मध्ये ॲलिक्सचे लग्न झाले, तेव्हा तिचा भाऊ फ्रीडरिश, मामा लिओपोल्ड आणि बहिणीचा मुलगा वाल्डेमार हे तिघे रुग्ण असल्याचे घरात माहीत होते. आई ॲलिस निश्चित वाहक, म्हणून ॲलिक्स वाहक असण्याची शक्यता अर्धी आणि तिच्या प्रत्येक मुलग्याचा धोका एकचतुर्थांश. जनुक म्हणजे काय हे त्या काळी कोणाला ठाऊक नसले, तरी निरोगी दिसणाऱ्या बायकांकडून हा आजार मुलग्यांकडे जातो, हे फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉन ओटो यांनी १८०३ मध्येच लिहून ठेवले होते. माहिती होती, ती लग्नाच्या बोलणीत कामाला लावली गेली नाही.

त्याची किंमत काय असते, हे १९१२ च्या शरद ऋतूत पोलंडमधील स्पाला येथे दिसले. आठ वर्षांच्या अलेक्सेईला होडीत उडी मारताना मांडीला मार लागला होता. तो बरा होत आला असे वाटून आई त्याला घोडागाडीतून फिरायला घेऊन गेली, आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी मांडीत व जांघेत पुन्हा रक्तस्राव सुरू झाला. साचलेल्या रक्ताला जागा व्हावी म्हणून पाय पोटाशी ओढून तो मुलगा दिवसचे दिवस कण्हत पडला होता. मरणासन्नासाठीचे धार्मिक विधी उरकले गेले, प्रकृतीची पत्रके निघाली, पण त्यांत आजाराचे नाव नव्हते. तो वाचला, पाय सरळ व्हायला मात्र कित्येक महिने लागले. फॅक्टर टोचून असा रक्तस्राव काही तासांत आटोक्यात आणण्याची सोय तेव्हा नव्हती, आणि त्या असहायतेतूनच ग्रिगोरी रासपुतिन या साधूवरचा अलेक्सांद्राचा विश्वास वाढत गेला. साम्राज्य केवळ या आजाराने बुडाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. पण एका आईची अवस्था समजून घेतल्याशिवाय तो काळ समजत नाही, हेही तितकेच खरे.

नात्यातली लग्ने आणि गैरसमज

राजघराण्यांत आपापसांत लग्ने होत, म्हणून हिमोफिलिया पसरला, असे सर्रास सांगितले जाते. वंशावळ हाती असल्यावर हे तपासता येते. इरेन आणि हाइन्रिश ही सख्ख्या बहिणींची मुले, म्हणजे मावसभावंडे होती. पण हाइन्रिश निरोगी होता, आणि त्याने मुलग्यांना दिले ते वाय. त्यांच्या दोन्ही रुग्ण मुलांना दोष मिळाला तो आईकडूनच. इरेनचे लग्न दूरच्या परक्याशी झाले असते, तरी प्रत्येक मुलग्याचा धोका तोच राहिला असता. नात्यातल्या लग्नांनी ज्या आजारांचा धोका वाढतो, त्यांत आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. मुलग्यांचा हिमोफिलिया त्या जातीचा नाही.

महाराष्ट्रात अनेक समाजांत मामेबहिणीशी लग्न करण्याची प्रथा आहे, म्हणून हा मुद्दा इथे थोडा पुढे नेतो. ज्या घरात भाचा हिमोफिलियाचा रुग्ण आहे, तिथे मामा निरोगी असेल तर त्याच्या मुलीकडे या घराण्याचा दोष आलेला नसतो. मामा स्वतः रुग्ण असेल, तर त्याची प्रत्येक मुलगी निश्चित वाहक. तिचे लग्न रुग्ण भाच्याशी झाले, तर प्रत्येक मुलग्याला तर अर्धा धोका असतोच, पण मुलींनाही प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता अर्धी असते. नात्यातल्या लग्नाने हिमोफिलियाचा धोका खरोखर वाढतो तो असा, मुलींच्या बाबतीत. राणी व्हिक्टोरियाच्या वंशात रुग्ण पुरुष आणि वाहक स्त्री असे लग्न झालेच नाही.

उगम शोधणे

खाली उतरून झाले, आता वर चढा. राणीच्या आईला पहिल्या लग्नापासून दोन मुले होती, कार्ल (१८०४) आणि फिओडोरा (१८०७). कार्ल निरोगी होता आणि फिओडोराच्या वंशातही हा आजार आढळत नाही. राणीच्या आईच्या माहेरीही त्याचा माग लागत नाही. वडील, केंटचे ड्यूक एडवर्ड, सैन्यात वावरलेले गृहस्थ. १८२० मध्ये न्यूमोनियाने गेले. ते रुग्ण नव्हते. यावरून राणी त्यांची मुलगीच नव्हती, अशी एक कुजबुज अधूनमधून छापून येते. तो तर्क टिकत नाही. जनक दुसरा कोणी होता असे मानायचे, तर तो माणूस प्रौढ वयापर्यंत जगलेला हिमोफिलियाचा रुग्ण असावा लागेल, आणि त्या काळी तीव्र आजाराचे फार थोडे मुलगे तेवढे वय गाठत. त्यापेक्षा नवे उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात नव्याने झालेला बदल, हे साधे आणि संभाव्य कारण आहे. राणीच्या जन्माच्या वेळी ड्यूक ५१ वर्षांचे होते. पुरुषाच्या शुक्रपेशी आयुष्यभर विभाजित होऊन तयार होत राहतात, त्यामुळे वयाबरोबर नक्कल उतरवताना होणाऱ्या चुकाही वाढतात. हिमोफिलियाच्या घराण्यांवरून मानवी जनुकातील उत्परिवर्तनाचा वेग काढण्याचा प्रयत्न जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३५ मध्ये केला आणि पुढे १९४७ मध्ये ही उत्परिवर्तने पुरुषांत अधिक घडतात असे मांडले. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात राहायला आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

वंशावळीची मर्यादा आणि डीएनए

इतके सगळे मांडूनही हा हिमोफिलिया ए होता की बी, हे वंशावळीवरून कळत नाही, कारण दोन्ही जनुके एक्सवरच आहेत आणि दोन्ही आजार हुबेहूब एकाच वाटेने जातात. फॅक्टर ९ च्या कमतरतेचा आजार वेगळा आहे हे १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर आपल्या कागदावरचे नऊही रुग्ण वारले होते. ए अधिक आढळतो, म्हणून राजघराण्याचाही तोच असेल, असा अंदाज पुष्कळ वर्षे चालला.

उत्तर मिळाले ते हाडांतून. झारचे कुटुंब जुलै १९१८ मध्ये येकातेरिनबुर्ग येथे मारले गेले. त्यांतल्या बहुतेकांचे अवशेष १९९१ मध्ये उकरून काढले गेले आणि उरलेल्या दोन मुलांचे २००७ मध्ये सापडले. येवगेनी रोगाएव्ह आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या हाडांतील डीएनए तपासून फॅक्टर ९ च्या जनुकात एका अक्षराचा बदल दाखवला: चौथा खंड सुरू होण्याच्या तीन अक्षरे आधी, ए च्या जागी जी. एवढ्याने जनुकाचे तुकडे जोडण्याची जागा सरकते, पुढचा मजकूर बिघडतो आणि प्रथिन अर्धवट राहते. अलेक्सेईमध्ये फक्त सदोष अक्षर मिळाले. आईमध्ये दोन्ही मिळाली, म्हणजे ती वाहक. आणि चार मुलींपैकी एकीतही, बहुधा अनास्तासियामध्ये, ते सापडले. म्हणजे हा तीव्र स्वरूपाचा हिमोफिलिया बी होता. कागदावर अलेक्सांद्राच्या वर्तुळात आपण तर्काने जो ठिपका दिला होता, त्याला नव्वद वर्षांनंतर प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

हीच रीत आपल्या घरी

घरात रुग्ण असेल, तर त्याच्यापासून सुरुवात करून आजोळच्या किमान तीन पिढ्या मांडा. माहिती विचारायची ती मावश्यांना, आजीला आणि आजीच्या बहिणींना. वडिलांकडच्या वडीलधाऱ्यांना ही माहिती बहुधा नसते. थेट आजाराचे नाव घेऊन विचारले तर नकारच येतो, म्हणून घटना विचारा. कान टोचल्यावर किंवा लस टोचल्यावर कोणाला गाठ येऊन राहिली होती का? सुंता झाल्यावर कोणाचे रक्त थांबत नव्हते का? रांगायला लागल्यावर कोणाचे गुडघे सुजायचे, अंगावर काळेनिळे डाग पडायचे? दात पडताना किंवा काढताना रात्रभर रक्त आले असे कोण होते? आजीचा एखादा भाऊ लहानपणीच गेला असेल, तर तो कसा गेला? बायकांच्या बाबतीत पाळीत फार रक्त जाणे आणि बाळंतपणानंतर रक्त न थांबणे हेही लिहा, कारण काही वाहक स्त्रियांचा स्वतःचा फॅक्टरही कमी असतो आणि त्यांना शस्त्रक्रियेच्या वेळी खबरदारी घ्यावी लागते.

मग निश्चित वाहक आणि संभाव्य वाहक वेगळे करा, संभाव्य वाहकांपुढे आकडा लिहा आणि तो कागद घेऊन रक्तविकारतज्ज्ञाकडे किंवा जनुकीय समुपदेशकाकडे जा. संभाव्य वाहक स्त्रीचा फॅक्टर मोजला आणि तो ठीक आला, तरी ती वाहक नाही असे सिद्ध होत नाही. खात्री डीएनए चाचणीनेच होते. त्यासाठी आधी घरातल्या रुग्णाचा नेमका जनुकीय बदल कोणता आहे हे शोधावे लागते, म्हणून रुग्ण हयात असतानाच त्याची चाचणी करून अहवाल जपून ठेवा. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था या विषयात काम करते. वाहक स्त्रीला गर्भाची तपासणी करून घ्यायची असेल, तर गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यातही लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांसाठी ती नोंदणीकृत केंद्रात करण्याची मुभा आहे. ही तपासणी साधारण अकराव्या आठवड्यापासून करतात, म्हणून दिवस गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा लग्नाआधी किंवा गर्भधारणेआधी डीएनए अहवाल हातात असणे फार सोयीचे. वाहक मातेचे बाळंतपण ठरवताना तर ही वंशावळ प्रसूतितज्ज्ञाला दाखवाच, म्हणजे चिमटा लावून किंवा व्हॅक्यूमने प्रसूती करणे टाळता येते आणि नाळेतल्या रक्तावरून बाळाचा फॅक्टर लगेच तपासता येतो. घरात नवे मूल जन्मले की त्याची नोंद तारखेसह करा आणि त्याच्या आईचा, मावशीचा, आजीचा आकडा पुन्हा मांडा.